जलतरंगासाठी कॉन्चेर्टो लिहिताना: चर्चा हवी आहे

मृण्मयी_द

नमस्कार मंडळी,

जर्मनीतल्या एका छोट्या ऑर्केस्ट्रासाठी जलतरंगाचा कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना) लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. साधारण वीस मिनिटांची रचना, तीन भाग. ऑर्केस्ट्रात तंतुवाद्यं, दोन फ्लूट, दोन ओबो आणि दोन हॉर्न, बस. वादक पुण्याचे आहेत. त्यांचं शिक्षण पूर्ण हिंदुस्थानी पद्धतीचं, माझं पियानो आणि पाश्चात्त्य कंपोझिशनचं. इथे गाणारे, वाजवणारे, ध्वनिमुद्रण करणारे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा.

जलतरंग आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेलं असतं. पण त्याच्या मागे तीस वादक बसवायचे म्हटलं की वाद्य एकदम अनोळखी होऊन जातं. चिनीमातीची अठरा भांडी, अर्धवर्तुळात, मोठी डावीकडे. काडी लागली की स्वर स्वच्छ उमटतो आणि लगेच विरायला लागतो, लांबवता येत नाही. पाणी वाढवलं की सूर उतरतो, काढलं की चढतो. रागाला लागतील तेवढेच स्वर लावलेले असतात. म्हणजे दुसऱ्या भागात वेगळा राग हवा असेल, तर श्रोते बसलेले असताना पाणी कमीजास्त करत बसावं लागणार.

ऑर्केस्ट्राकडून पहिली सूचना आली ती अशी की बाराही स्वरांची भांडी लावून घ्या, म्हणजे हवं ते लिहिता येईल. मला ती पटत नाही. वादकाचे हात रागाच्या मांडणीत तयार झाले आहेत. त्यांच्या ताना, ‘झाला’ हे द्रुत वादन, दोन हातांची वाटणी, सगळं एका गोष्टीवर उभं आहे: शेजारच्या भांड्यात रागाचाच पुढचा स्वर असतो. मध्ये परकी भांडी घातली तर हाती लागेल तो अशक्त झायलोफोन, आणि त्यापेक्षा खरा झायलोफोन बरा. वाद्याला जे जमत नाही त्यातूनच रचनेचा आकार निघाला पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. तो आकार कसा निघेल ते मात्र अजून दिसलेलं नाही.

स्वर बदलण्याचा प्रश्न आहे, आवाजाचा आहे, आणि हे सगळं वादकांना वाचता येईल असं कागदावर उतरवण्याचाही आहे. त्याबाहेरचं काही सुचलं तरी जरूर लिहा.

कॉफी_आणि_स्कोअर

फार आवडीचा विषय काढलात, मृण्मयी.

पाण्यावर सूर लावून ऑर्केस्ट्रासोबत वाजवणाऱ्यांत तुमच्या आधी संगीतकार ग्लुक आहे. २३ एप्रिल १७४६ रोजी लंडनच्या हेमार्केट नाट्यगृहात त्याने झऱ्याच्या पाण्याने सूर लावलेल्या २६ पेल्यांवर कॉन्चेर्टो वाजवला, सोबत पूर्ण वाद्यवृंद. ऑपेरासाठी तो प्रसिद्ध झाला ते पुढे. नंतर असेच पाण्याचे पेले ऐकून बेंजामिन फ्रँकलिनने १७६१ मध्ये ग्लास हार्मोनिका बनवली. त्याने काचेच्या वाट्या एका दांड्यावर ओवल्या, सूर वाटीच्या आकारावर ठरवला आणि पाणी पूर्ण काढून टाकलं. पाणी मोजत बसण्याचा त्रास त्यालाही झाला असावा.

तुमच्या कामाचा आहे तो मोझार्ट. १७९१ मध्ये, म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, त्याने मारियाने किर्शगेसनर या अंध वादिकेसाठी ग्लास हार्मोनिकेची एक रचना केली. सोबतीला घेतले फ्लूट, ओबो, व्हियोला आणि चेलो. व्हायोलिन नाही! त्याचं कारण मला कानांनीच कळतं. काचेचा आवाज ज्या उंचीवर असतो तिथेच व्हायोलिन वावरतं, आणि त्या जागेवरून दोघांची ओढाताण झाली तर काच हरणार. जलतरंग वाजत असताना व्हायोलिनना बाजूला ठेवा, किंवा फार उंचावर न्या.

आणखी एक. नवं वाद्य श्रोत्यांसमोर कसं आणायचं, हे हायडनकडून शिकण्यासारखं आहे. त्याचा ट्रम्पेट कॉन्चेर्टो १७९६ चा, आंटोन वाइडिंगर या वादकासाठी. तेव्हाच्या साध्या ट्रम्पेटवर निसर्गतः मिळणारे मोजकेच स्वर निघत, खालच्या पट्टीत तर मोठमोठ्या फटी. वाइडिंगरने नळीला भोकं पाडून त्यांवर कळा बसवल्या आणि मधले स्वर मिळवले. हायडन काय करतो? ऑर्केस्ट्राच्या प्रस्तावनेत ट्रम्पेटला दोनचार जागी अगदी जुन्या धाटणीचे स्वर देतो, कुठल्याही ट्रम्पेटवर वाजतील असे. श्रोता निर्धास्त होतो. मग एकल प्रवेश होतो आणि ट्रम्पेट खालच्या पट्टीत सलग, पायरी पायरीने गाऊ लागतो. व्हिएन्नात २८ मार्च १८०० ला पहिल्यांदा ऐकणाऱ्यांना तो क्षण केवढा वाटला असेल! जलतरंगाकडून लोक किणकिण अपेक्षित धरतात. तुम्ही सर्वांत मोठ्या भांड्यावरच्या एकाच आघाताने सुरुवात करा आणि तो पूर्ण विरेपर्यंत ऑर्केस्ट्राला गप्प बसवा.

नंदिनी_पु

वाचते आहे. मी निव्वळ श्रोता, म्हणून मनात आलेलं विचारते. जलतरंगाला तबल्याची साथ इतकी छान जमते. ऑर्केस्ट्रा मुळात कशासाठी? अशा प्रयोगांत पुष्कळदा आपलं वाद्य मधोमध बसतं आणि मागून चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासारखे गालिचे अंथरले जातात. मला त्याचा कंटाळा येतो.

मृण्मयी_द

नंदिनी, तुमचा कंटाळा मला पूर्ण मान्य आहे. मागे लांब सुरांचं अस्तर लावायचं असेल तर तानपुरा जास्त सुंदर. ऑर्केस्ट्रा हवा आहे तो जलतरंगाकडे नसलेल्या गोष्टींसाठी: लांब स्वर, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग सरकणं), खर्ज (खालचे सूर), हळूहळू वाढत जाणारा आवाज. एका बाजूला फक्त आघात, दुसऱ्या बाजूला आघातानंतर जे काही होऊ शकतं ते सगळं. या दोघांमध्ये खरं संभाषण घडलं तरच ही रचना करण्यात अर्थ आहे.

कॉफी, मोझार्टच्या रचनेत व्हायोलिन नाही हे माहीत होतं, पण त्या अंगाने कधी विचार केला नव्हता. आभार.

तिरकिट

या विषयावर बोलताना रविशंकर आणि झाकीरभाई यांची नावं येतातच. पण त्यांचा प्रश्न तुमच्या उलटा होता, हे लक्षात ठेवायला हवं. लंडन सिम्फनीसाठी रविशंकरांनी पहिला सतार कॉन्चेर्टो लिहिला, १९७१ मध्ये आंद्रे प्रेव्हिनच्या दिग्दर्शनाखाली तो झाला. राग खमाज, सिंधी भैरवी, अडाणा आणि मांज खमाज. सतार त्यांच्या हाडीमासी खिळलेली, नवखा होता तो ऑर्केस्ट्रा. झाकीरभाईंचा ‘पेशकार’ हा तबल्याचा कॉन्चेर्टोही तसाच. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियासाठी लिहिलेला, २०१५ मध्ये मुंबईत एनसीपीएत पहिल्यांदा वाजला. एकल वादक स्वतः रचनाकार असला की त्याला आपल्या भागाचं प्रत्येक अक्षर लिहावं लागत नाही, बरंचसं डोक्यात राहू शकतं. तुम्हाला दुसऱ्याच्या हातांसाठी लिहायचं आहे. तुमच्या जवळचं उदाहरण म्हणजे दिनुक विजेरत्ने. श्रीलंकेत जन्मलेला, कॅनडात काम करणारा, स्वतः पियानिस्ट आणि कंडक्टर. त्याने २०११ मध्ये तबल्यासाठी कॉन्चेर्टो लिहिला.

तरी रविशंकरांची एक गोष्ट घेण्यासारखी आहे. त्या पहिल्या कॉन्चेर्टोत तबला नाही, लयीची बाजू बोंगोकडे आहे. तबला आला की कान सवयीने मैफलीकडे वळतो आणि ऑर्केस्ट्रा पाहुणा होऊन बसतो. मी तबला शिकतो, तरीही सांगतो: तुम्ही तबला घेऊ नका. ठेका चेलो आणि डबल बासच्या पिझिकाटोत (तारा बोटाने छेडून) वाटून टाका.

मडगांवकार

तिरकिट, यादी १९७१ पासून सुरू करू नका. आमच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्याच्या कितीतरी आधीचे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतले मोठे व्हायोलिनवादक आणि अरेंजर. १९५८ मध्ये त्यांनी मोठा वाद्यवृंद जमवला आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात स्वतःच्या रचना सादर केल्या, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना सोबत घेऊन. त्यात ‘कॉन्चेर्टो इन राग सारंग’ होता. दिवसभर स्टुडिओत दुसऱ्यांच्या चाली लिहून काढणारा माणूस रात्री बसून सारंगाची सिम्फनिक रचना करतो, याचं मला अजून भारी वाटतं. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकून मुंबईला गेलेली ती सगळी पिढी दोन्ही संगीतांच्या उंबरठ्यावर उभी होती. त्यांचं नाव या धाग्यात असायलाच हवं.

मृण्मयी, जमलं तर सारंग घ्या कुठेतरी.

अवधूत_साउंड

मी ध्वनिमुद्रण करतो. जलतरंग काही वेळा मुद्रित केलं आहे, त्यातलं थोडं सांगतो.

पाण्याचा परिणाम सगळीकडे सारखा नसतो. भांड्याची भिंत काठाशी सर्वांत जास्त हलते, तळाशी जवळजवळ नाही. त्यामुळे तळाशी असलेल्या पाण्यात भर घातली तर सुरात फारसा फरक पडत नाही, काठाजवळ चार थेंबही जाणवतात. अर्थ असा, की भांडी निवडतानाच अशी घ्या की हवा तो सूर काठापासून बऱ्यापैकी खाली पाणी असताना मिळेल. मग दिव्यांच्या उष्णतेने पाणी आटून सूर चढतो तो कमी चढेल. भांडी निदान तासभर आधी मंचावर मांडून ठेवा, पाणी त्याच हवेतलं वापरा. तालीमसुद्धा त्याच दिव्यांखाली.

मायक्रोफोन लागणारच, त्याची लाज नको. पण माइक आहे म्हणून ऑर्केस्ट्रेशन जाड करू नका, कारण आवाज वाढवला की काडीचा खटकाही वाढतो. गिटारसाठी संगीतकार रॉड्रिगोने काय केलं ते स्कोअरमध्ये (लिहिलेल्या स्वरलिपीत) पाहा. आरांखुएझचा कॉन्चेर्टो १९३९ चा. तो स्वतः गिटार वाजवत नव्हता, पियानो वाजवायचा, आणि लहानपणापासून अंध. तरीही गिटार कुठेही बुडत नाही, कारण गिटार बोलत असताना पूर्ण ऑर्केस्ट्रा क्वचितच तोंड उघडतो. संथ भागात कोर आंग्ले (ओबोच्या जातीचं, खालच्या सुराचं वाद्य) गाते आणि गिटार फक्त साधे कॉर्ड छेडते. मग भूमिका बदलतात.

गंधार_साधक

मी गातो, त्यामुळे राग बदलण्याच्या प्रश्नाकडे जरा वेगळ्या बाजूने पाहतो आहे. पाणी बदलायचं नसेल तर षड्ज बदला.

भूप लावा. सा रे ग प ध. आता भांड्यांना हात न लावता या भूपातल्या गंधारालाच सा माना: सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी. मालकंस झाला. पंचमाला सा माना: सा रे म प ध, दुर्गा. रिषभाला सा मानलं तर मधमाद सारंगाचे स्वर, धैवताला मानलं तर धानीचे. ही मूर्च्छना आपल्याला विद्यार्थीदशेत शिकवतात आणि मैफलीत क्वचित एखादा गायक क्षणभर दाखवतो. इथे तीच रचनेचा कणा होऊ शकते. जलतरंग जागचं हलत नाही. खालचा ऑर्केस्ट्रा षड्ज हलवतो आणि त्याच भांड्यांचा अर्थ बदलतो.

मृण्मयी_द

गंधार, तुमचा प्रतिसाद वाचून मी थेट पियानोकडे गेले. हेच शोधत होते! जलतरंगाला जमत नाही ती गोष्ट म्हणजे स्वर बदलणं, आणि रचनेचा आकार नेमका तिथूनच निघतो आहे.

पांढरी दोन, म्हणजे डी, सा धरला तर भूप डीवर, मालकंस एफ शार्पवर, दुर्गा एवर. तीन भागांचे तीन षड्ज डी, एफ शार्प, ए. हा तर डी मेजरचा त्रिस्वर! रागाच्या बाजूने निघालो आणि पाश्चात्त्य रचनेच्या अगदी गाभ्याशी येऊन पोचलो.

व्हियोला_तिसरी_खुर्ची

ऑर्केस्ट्रात वाजवणारी म्हणून लिहिते. डी उत्तम निवड. आमच्या मोकळ्या तारा जी, डी, ए (व्हायोलिनची वरून ई, आमची खालून सी), त्यामुळे भूप आणि दुर्गा दोन्हींत तंतुवाद्यं आपोआप घुमतील. एफ शार्पची मोकळी तार आमच्यापैकी कोणाकडेच नाही. सगळी बोटं तारांवर, आवाज झाकलेला, जरा घुसमटलेला. मालकंसाला तो रंग शोभेल. वर म्यूट (आवाज दाबणारी चिमटी) लावायला सांगा.

हॉर्नना डीच्या नैसर्गिक स्वरमालिकेतले (कळ न दाबता नळीतून निघणारे) स्वर द्या. त्यातला पाचवा स्वर म्हणजे अगदी शुद्ध गंधारच, पियानोच्या गंधारापेक्षा उतरलेला. भूपाच्या गंधाराला तो चपखल बसेल.

गंधार_साधक

एक सावधगिरी माझ्याच सूचनेवर. मालकंसाचे स्वर मिळाले म्हणजे मालकंस मिळाला असं नाही. त्याचा कोमल गंधार आंदोलित, मध्यमावरचा मुक्काम, मध्यमावरून गंधारावर येणारी मींड, या सगळ्यात राग आहे. जलतरंगवादक पाण्याला काडीचं टोक लावून स्वर किंचित हलवतात, पण मालकंसाची लांब मींड त्यातून येणार नाही. नुसते स्वर वाजले तर जाणकार श्रोता दुरावेल. आणि खर्जात पंचम अजिबात नको, षड्ज-मध्यमाचाच आधार ठेवा.

मृण्मयी_द

म्हणून मींड चेलोला देते. जलतरंगाने मध्यम छेडायचा, चेलोने त्याच सुरावर इतक्या हळू प्रवेश करायचा की तो कधी आला ते कळू नये, आणि आघात विरता विरता मींड घेत गंधारावर उतरायचं. भांड्याने सुरू केलेलं वाक्य चेलोने पुरं करायचं. दुसरा भाग मला आता असाच ऐकू येतो आहे. चेलोवादक जर्मन आहे, तिला मालकंस ऐकवावा लागेल, बोटांना शिकवावा लागेल. त्यासाठी तालमीचा वेळ मी आधीच मागून ठेवते आहे. कोणत्या ध्वनिमुद्रणापासून सुरुवात करावी, ते गंधार, तुम्ही व्यनित (व्यक्तिगत निरोपात) सांगाल का?

कॉफी_आणि_स्कोअर

इथे जपानी संगीतकार ताकेमित्सूची आठवण ठेवा. ‘नोव्हेंबर स्टेप्स’, १९६७, न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या १२५ व्या वर्षानिमित्त, ओझावाच्या दिग्दर्शनाखाली. एकल वाद्यं बिवा (जपानी तंतुवाद्य) आणि शाकुहाची (बांबूची बासरी). आधी त्याने ऑर्केस्ट्रा आणि जपानी वाद्यं मिसळायचा प्रयत्न केला आणि तो विचार सोडून दिला. शेवटी दोन्ही जगं त्याने समोरासमोर ठेवली. मोठा भाग दोन वादकांचाच आहे, त्यात ऑर्केस्ट्रा नुसता ऐकतो. चेलोने वाक्य पूर्ण करणं सुंदर आहे, पण प्रत्येक वाक्य करू नका. काही आघात अपुरेच राहू द्या.

त्याच ताकेमित्सूच्या स्मरणार्थ चिनी संगीतकार तान डूनने १९९८ मध्ये पाण्याचा कॉन्चेर्टो लिहिला. मोठ्या पारदर्शक पात्रांतलं पाणी हाताने, भांड्यांनी वाजवायचं. तिथे पाणी स्वतःच आवाज करतं. जलतरंगात पाण्याचा आवाज येत नाही, ते फक्त सूर धरून ठेवतं. त्यामुळे मंचावरच्या नाट्यमयतेचा मोह तुम्हाला होऊ नये असं वाटतं.

अवधूत_साउंड

थोडं गणित करतो, कारण ते भांड्यांत ओतायचंच आहे.

भूपाचे स्वर गायकी अंगाने लावले तर साच्या कंपनसंख्येच्या तुलनेत रे ९/८, ग ५/४, प ३/२, ध ५/३. यातून गंधाराला सा मानून मालकंस काढला तर म ४/३, कोमल ग ६/५, कोमल ध ८/५, सगळं चोख. पंचमावरच्या दुर्ग्यात फक्त रे थोडा उतरतो, १०/९ येतो. पण मडगांवकारांचा सारंग घेतला तर गाडी अडते. रिषभाला सा मानल्यावर पंचमाची जागा घेतो भूपाचा धैवत, आणि ते प्रमाण येतं ४०/२७. खरा पंचम हवा ३/२. फरक ८१/८० चा. पंचमात एवढा फरक कोणालाही कळतो, आणि डबल बास खाली मोकळ्या ईवर घुमत असेल तर फारच बोचेल.

म्हणजे सारंग सोडा, किंवा पाश्चात्त्य समान विभागणीचे (सप्तकाचे बारा सारखे भाग) सूर लावा आणि मालकंसाची चोख बसणारी घडी सोडा.

मडगांवकार

वाईट वाटलं खरं. डबल बासची सर्वांत खालची मोकळी तार ईच. सारंगाचा षड्ज तिथे आयता तयार आहे.

गंधार_साधक

अवधूत, सारंगात नुसता पंचमच नाही, रिषभही अडेल. तुमच्याच हिशेबाने तो १०/९ येतो, आणि मधमाद सारंगात तर रिषभावर मुक्काम असतो. उतरलेला रिषभ चालायचा नाही.

पण भांडी अठरा आहेत ना? भूपाला किती लागतात?

मृण्मयी_द

खालच्या डीपासून अडीच सप्तकं धरली तर तेरा. पाच शिल्लक राहतात. तेरात धैवताची दोन भांडी आहेत आणि गंधाराची तीन. दोन आणि तीन मिळून पाच.

थांबा, हे वादकांना विचारून येते.

तिरकिट

मृण्मयी येईपर्यंत लिपीबद्दल. वादकांचा भाग भातखंडे लिपीत द्या, समेच्या (आवर्तनाची पहिली मात्रा) आणि ‘खाली’च्या (हलकी मात्रा) खुणांसह, आणि प्रत्येक आवर्तनाखाली ऑर्केस्ट्रात काय ऐकू येणार आहे ते मराठीत लिहा. ‘इथे ओबो पंचमावर येतील’ एवढं पुरतं. कंडक्टरच्या स्कोअरमध्ये झपताल पाच-पाच मात्रांचे दोन बार म्हणून लिहिता येतो, २-३, २-३. रूपक तालाची एक गंमत आधीच सांगून ठेवा: त्याची सम ‘खाली’च्या मात्रेवर असते. बारची पहिली मात्रा दिसली की पाश्चात्त्य वादक सवयीने वजन देतात. बासवाल्यांच्या कागदावर स्पष्ट लिहा की पहिली मात्रा हलकी, चौथीवर वजन.

कॅडेन्झा (एकल वादकाचा एकट्याचा भाग) पूर्ण मोकळी सोडा. वादक काय वाजवतील ते कंडक्टरला कळायची गरज नाही, बाहेर कधी पडायचं ते कळलं पाहिजे. त्यासाठी तिहाई (तीनदा वाजून समेवर संपणारा तुकडा) एकदम पक्की ठरवा. दोन वेळा वाजली की कंडक्टरने हात उचलायचा, तिसरी संपते तिथे सम, आणि समेवर सगळा ऑर्केस्ट्रा. युरोपातल्या कंडक्टरला हे एका तालमीत जमतं, कारण तिहाई ऐकू येते, मोजावी लागत नाही.

नंदिनी_पु

माझा सुरुवातीचा प्रश्न मागे घेते असं नाही, पण हे ऐकायची आता खरंच उत्सुकता आहे.

मृण्मयी_द

बोलणं झालं. वादक म्हणाले की पाच जादा भांडी मागच्या ओळीत ठेवू, मुख्य अर्धवर्तुळात अजिबात नको, नाहीतर हात चुकेल. दोन धैवत आणि तीन गंधार, नेहमीपेक्षा किंचित कमी पाण्याचे, म्हणजे ८१/८० ने चढे. मग ईवरच्या सारंगात पंचम आणि रिषभ दोन्ही खरे लागतात. आणि तिसऱ्या भागातल्या दुर्ग्याचा रेसुद्धा मागच्या धैवतावरून घेता येईल. मागच्या ओळीसाठी निळी भांडी वापरायची असं त्यांनीच सुचवलं, पुढची सगळी पांढरी. त्यांनी घरी मांडून पाहिलं, हात सहज जातो म्हणाले. फक्त द्रुत तानेत मागच्या ओळीवर जायला लावू नका, अशी अट घातली. ती अट मी स्कोअरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे.

त्यामुळे रचना आता अशी: भूप डीवर, पहिला आघात एकटा, व्हायोलिन बराच वेळ गप्प. मालकंस एफ शार्पवर, म्यूट लावलेली तंतुवाद्यं आणि एकटा चेलो. मग तिसऱ्या भागाच्या आधी सारंगाचा छोटा तुकडा ईवर, मागच्या ओळीची ओळख तिथेच होईल, डबल बासच्या मोकळ्या तारेवर. मडगांवकार, तो तुमच्यासाठी आणि गोन्साल्विसांसाठी. तिथून दुर्गा एवर, रूपकात, आणि शेवटी बास पुन्हा डीवर उतरेल.

व्हियोला_तिसरी_खुर्ची

सारंगाच्या तुकड्यात ओबोंना लांब एफ शार्प देऊ नका. ते त्यांच्या सवयीच्या उंचीवर लावतील आणि निळ्या भांड्याशी भांडतील. तो स्वर व्हियोलांना द्या, आम्ही ऐकून लावू.

मृण्मयी_द

व्हियोलांनाच देते. ओबो तिथे फक्त ई आणि बीवर ठेवते, आणि बीसाठी तालमीत त्यांना आधी निळं भांडं ऐकवून घेऊ.